डिस्चार्जच्या दिवशी एवढं विचारा

आईबाबांनो, बाळाच्या सहाव्या आठवड्याची, चौदाव्या आठवड्याची, नवव्या महिन्याची लस तुम्ही चुकवत नाही. ताप आला तर असावं म्हणून औषधाची बाटलीही आणून ठेवता. फार बरं वाटतं ते पाहून. आज मात्र बोलायचंय ते त्याच घरातल्या आजी-आजोबांबद्दल.

न्युमोनियाने आजोबा अ‍ॅडमिट होतात. सलाइन, ऑक्सिजन, रात्रीची जागरणं. मग घरी सोडायचा दिवस येतो. बिलाची रांग, मेडिक्लेमच्या मंजुरीची वाट, गोळ्यांची पिशवी, गाडी गेटवर आणायची घाई. या गडबडीत लसीचा विषय कुणी काढतच नाही. वॉर्डातल्या डॉक्टरांना वाटतं, फॅमिली डॉक्टर बघतील. फॅमिली डॉक्टरांना वाटतं, हॉस्पिटलने दिली असेल. बाळाच्या लसी सरकार मोफत देतं, आशाताई आठवण करायला दारात येते. म्हाताऱ्या माणसांच्या फ्लूच्या लसीसाठी असं कुणी येत नाही. म्हणून तुम्हीच विचारा, आणि त्याच दिवशी विचारा: ‘फ्लूची आणि न्युमोकोकलची लस आज देता येईल का? नाहीतर कधी?’ ताप पुरता उतरला नसेल तर डॉक्टर थांबायला सांगतील. मग पुढची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. पूर्वी एखाद्या लसीची जोराची अ‍ॅलर्जी आली असेल तर तेही तेव्हाच सांगा.

‘आत्ताच दुखण्यातून उठलेत, आता आणखी सुई नको’ असं घरात म्हटलं जातं. त्यामागची माया मला कळते. पण मधुमेह, दमा, अँजिओप्लास्टी झालेलं हृदय, अशांनाच फ्लू जास्त छळतो. फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हार्ट अ‍ॅटॅकचा धोकाही बराच वाढतो. फ्लूच्या इंजेक्शनातला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. बारीक सुई वापरतात आणि नंतर ती जागा दोन मिनिटं नुसती दाबून धरायची, चोळायची नाही.

फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून ती लस दरवर्षी. आपल्याकडे पावसाळ्यात साथ चढते आणि लस लागू पडायला दोनेक आठवडे जातात, तेव्हा एप्रिल-मे उत्तम. न्युमोकोकलची अशी दरवर्षी लागत नाही. या लसींचे पैसे बहुधा खिशातूनच जातात. दोन्ही एकदम झेपत नसतील तर आधी कोणती, हेही विचारा. त्यात कसला कमीपणा?

आजी म्हणेल, ‘माझं काय आता, पोरांचं बघा.’ तिला सांगा, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. दिवसभर ते तिच्याच मांडीवर असतं, आणि त्याच्याभोवतीच्या मोठ्यांनी ती घेतली तरच त्याला आडोसा मिळतो. एवढं ऐकल्यावर बहुतेक आज्या स्वतःच विचारतात, ‘कधी जायचं?’