चाळणीतील ‘आणि’ व ‘किंवा’

आज्ञावलीतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे ‘गिट’ हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केले. हजारो नोंदींतून दोष नेमका कुठे शिरला हे शोधायचे तर चाळणी हवी. ‘ऑथर’ ही चाळणी कर्त्याचे नाव पाहते, ‘ग्रेप’ नोंदीतील शब्द. दोन्ही लावल्यास दोन्ही अटी पाळणाऱ्या नोंदीच उरतात. जणू एकसर जोडलेल्या दोन कळा. आता ‘ग्रेप’ दोनदा लावा. कोणताही एक शब्द पुरतो, म्हणजे जोडणी समांतर झाली! असे का? नोंदीचा कर्ता एकच असतो; दोन नावांमध्ये ‘आणि’ घातले तर हाती काय येणार? तिथे ‘किंवा’च हवे. शब्दांनाही तोच नियम ठेवला (आणि मला तो पटतो), म्हणजे दोन नियम पाठ करायला नकोत. दोन्ही शब्द हवेतच, तर ‘ऑल-मॅच’ जोडावे.