कंदील चालता ठेवा

हिर्डोशीपासून केळदपर्यंत पाऊस धरला की वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. मोबाइलचा उजेड चार्जिंग टिकेल तेवढाच. म्हणून पोरांनो, माळ्यावर ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील असेल तर त्याला शोभेची वस्तू करू नका. कऱ्हाडजवळ १९१६ साली निघालेल्या ओगले काच कारखान्याचा हा माल. नीट वागवला तर अजून कामाला येतो.

काच : दिवस असतानाच पुसा. चाळलेली राख आणि कोरडं फडकं पुरतं. आत हात जात नसेल तर वर्तमानपत्राचा बोळा. राखेत खडा राहिला तर चरे पडतात. तापल्या काचेवर पावसाचा थेंब पडला की ती तडकलीच समजा. ओटीवर टांगताना पागोळ्यांपासून हातभर आत टांगा.

वात : नवी वात अर्धा तास रॉकेलमध्ये मुरू द्या, कोरडी पेटवली तर तेलाऐवजी वातच जळते. जळकं टोक सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित उतरवा. नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि काच एका अंगानं काळवंडते.

ज्योत : पेटवताना लहान ठेवा, काच तापली की हळूहळू चढवा. उजेड कमी वाटला की माणसं वात वर करतात. मग काजळी धरते आणि होता तो उजेडही जातो. अशा वेळी वात उतरवा. इटलीच्या व्हिको माजिस्त्रेत्तीचा १९६५ चा ‘एक्लिसे’ हा टेबलदिवा जगभर नावाजला. त्यात आतली वाटी फिरवून उजेड झाकता येतो आणि ती कल्पना त्याला झडपेच्या जुन्या कंदिलावरून सुचली होती. उजेड आवरता येणं हा दिव्याचा मोठा गुण आहे.

नळ्या : बाजूच्या दोन नळ्या नुसत्या आधाराला नाहीत, ज्योतीला वारा त्यांतून मिळतो. कुंभारमाशीनं आत मातीचं घर केलं असेल तर ज्योत फडफडते, धुरकटते. तार घालून नळ्या मोकळ्या करा.

टाकी : पाऊणच भरा, आणि तीही कंदील विझवून, गार झाल्यावर. रेशनचं रॉकेल पूर्वीसारखं मिळत नाही म्हणून पेट्रोल घालण्याचं धाडस करू नका, भडका उडतो. रॉकेलची बाटली पाण्याच्या बाटल्यांजवळ ठेवू नका.

जागा : गोठ्यात पेंढ्यापासून लांब, गुराचं शिंग पोचणार नाही अशा खुंटीला. दारं लावून झोपायचं असेल तर मंद करून ठेवू नका, विझवाच.

आणि हे सगळं मे महिन्यातच उरकून घ्या. एकदा पेटवून बघा, एक वात आणि एक काच जास्तीची आणून ठेवा. भर पावसात तेवढ्यासाठी भोरला जायची वेळ येऊ नये.