दुचाकीला गार्ड लावावा का?

कारंजा लाडला गुरुमंदिराकडे जाणाऱ्या मोटारसायकली कधी नीट न्याहाळा. कित्येकींना पुढे जाड नळीचा लेगगार्ड आणि मागच्या चाकाच्या डाव्या बाजूस साडीगार्ड दिसेल. दोन्हींना आपण गार्डच म्हणतो. पण त्यांची कामे अगदी निराळी आहेत.

प्रथम साडीगार्ड पाहू. गाडी उभी असताना मागच्या चाकाचा परीघ दोऱ्याने मोजा. तो १.९ मीटरच्या आसपास भरेल. ताशी ४० कि.मी. वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. तेव्हा चाक सेकंदाला जवळजवळ ६ फेरे घेते. ओढणीचे टोक स्पोकमध्ये अडकले की कापड चाकाच्या मधल्या तुंब्याभोवती गुंडाळू लागते. तुंब्याचा परीघ अर्धा मीटर धरला, तर एका सेकंदात ३ मीटर कापड आत ओढले जाईल. एवढी लांब तर ओढणीही नसते! मागे बसलेली ताई ओरडेल, दादा ब्रेक दाबेल, तोवर गळ्याला फास बसू शकतो. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १२३ अन्वये, निदान अर्धे मागचे चाक झाकणारे आवरण आवश्यक ठरवले आहे. गाडी ऐटदार दिसावी म्हणून ते काढून टाकणाऱ्यांचे मला नवल वाटते.

लेगगार्डचा हिशेब वेगळा. उभी किंवा सावकाश जाणारी गाडी कलंडली, तर तो पाय आणि इंजिन वाचवतो. पण वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी २० कि.मी. वेगाची धडक म्हणजे साधारण दीड मीटरवरून पडणे, तर ४० ची म्हणजे सहा मीटरवरून! अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालात दिसले, की अशा नळ्यांमुळे पावला-घोट्याच्या इजा घटल्या, पण गुडघा, नडगी व मांडीच्या तितक्याच वाढल्या. पाऊल नळीमागे राहिले, तरी जडत्वामुळे शरीर पुढे जातच राहते, हे ध्यानात घ्या. डोके वाचवण्यात मात्र हेल्मेटच निर्णायक ठरले.

तेव्हा घरी लेगगार्डची बोलणी चालू असतील, तर आधी हेल्मेटवर आय.एस. ४१५१ ची खूण आहे का ते पाहा. मग बंद गाडीचा साडीगार्ड हलवून बघा : बोल्ट सैल नाहीत ना, आणि ओढणीचे टोक शिरेल अशी फट कोठे आहे?