मोटारसायकलीच्या दुखण्याचें निदान



गेल्या पावसाळ्यांत सहस्रकुंडाहून इस्लापुरास परतत असतां ऐन संध्याकाळीं माझी मोटारसायकल वाटेंतच बंद पडली. प्रथम दिवा मंदावला, मग भोंगा घोगरा झाला आणि शेवटीं यंत्रच थांबलें. एका कारागिरानें बॅटरी बाद ठरविली. मीं नवी घेतली. दहाव्या दिवशीं तीही निपचित पडली! दोष भलतीकडेच होता. त्या निमित्तानें जें शिकलों तें येथें सांगतों.

बॅटरी वीज उत्पन्न करीत नाहीं, सांठविते. ती घरांतील रांजणासारखी होय; विहीर निराळी. विहिरीचें काम यंत्राच्या दांड्यावर फिरणारें चुंबकी चक्र व त्याजवळील तारांचीं वेटोळीं करितात. चुंबक फिरला कीं वेटोळ्यांत वीज उद्भवते. हें तत्त्व मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं प्रयोगानें सिद्ध केलें. ही वीज उलटसुलट वाहणारी असते, आणि बॅटरीस तर एकाच दिशेची लागते. म्हणून मध्यें रेग्युलेटर-रेक्टिफायर नांवाची डबी बसवितात. प्रवाह एकदिश करणें व दाब मर्यादेंत ठेवणें, हीं तिचीं दोन कामें.

आतां परीक्षेकडे वळूं. साधन एकच : मल्टिमीटर.

पहिली परीक्षा यंत्र बंद असतां करावी. कांहीं तास विसावलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. आंकडा १२ च्या आसपास आला तर ती जवळजवळ रिकामी समजावी व आधीं बाहेरून भरून घ्यावी. नाहीं तर पुढील परीक्षा फसवी ठरते.

दुसरी परीक्षा यंत्र चालू ठेवून. वेग मिनिटास सुमारें ४,००० फेऱ्यांपर्यंत न्यावा. बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर भरणा ठीक आहे. मग संशय बॅटरीचा. दाब चढेचना, तर विहिरीचें पाणी रांजणापर्यंत पोंचत नाहीं. तो १५ च्याही वर गेला, तर डबी दाब आवरीत नाहीं. अशानें बॅटरी तापून नासते.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. फ्यूज, तारांचे सांधे व धातूच्या सांगाड्यास जोडलेली तार पाहावी. गंज किंवा जळका डाग दिसल्यास तेथेंच थांबावें.

चौथी परीक्षा वेटोळ्यांची. पुष्कळ गाड्यांत त्यांच्या तीन तारा असतात. यंत्र बंद करून सांधा सोडावा. कोणत्याही दोन तारांमधील रोध अगदीं थोडा व तिन्ही जोड्यांत सारखा असावा; तार व सांगाडा यांमध्यें मात्र मुळींच जोड नसावा. नंतर यंत्र चालू करून उलटसुलट विजेचा दाब मोजावा. तो वेगाबरोबर वाढावा व तिन्ही जोड्यांत सारखा राहावा. एखादी जोडी मागें पडली तर वेटोळें बिघडलें. तिन्ही समान, तारा शाबूत, तरीही भरणा होत नसेल, तर दोष डबींत. नेमके आंकडे गाडीच्या पुस्तकांत पाहावेत.

माझीं वेटोळीं व डबी दोन्ही शाबूत होतीं! त्यांमधील सांध्याचें एक टोंक जळून काळें पडलें होतें. तिनांतील एक तार निकामी झाल्यानें भरणा अपुरा पडे, आणि दिवा रोज थोडी थोडी अधिक वीज खाई. दुरुस्तीस बॅटरीच्या किंमतीचा दशांशही लागला नाहीं.

हा हिशेब आज अधिकच कडक झाला आहे. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांत नव्या दुचाकींचा दिवा यंत्राबरोबर आपोआप लागतो. ३५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारें ३ अँपियर प्रवाह घेतो. शिवाय अलीकडील पुष्कळ गाड्यांत पेट्रोल पुरविणारा पंपही विजेवरच चालतो. वीज सरली कीं गाडी थांबलीच.

मित्रहो, दिवा मंदावणें हें लक्षण होय, रोग नव्हे. लक्षण पाहून वस्तु बदलणारा पैसे घालवितो. क्रमानें मोजून एकेक शंका दूर करणारा रोगापर्यंत पोंचतो. मी नवी बॅटरी घेण्यापूर्वीं पांच मिनिटें मोजमाप केलें असतें, तर हा धडा मला फुकट मिळाला असता. तुम्हांस तो तसाच मिळावा, एवढ्याचसाठीं हा लेख.