कंपनी बदलावी की पॅक?

प्रश्न : आमच्या घरी दोन टीव्ही आहेत, एक ओटीवर आणि एक मुलाच्या खोलीत. डिशचा रिचार्ज वाढतच चालला आहे. शेजारी म्हणतात, "तुमची कंपनी सोडा, आमची घ्या, महिन्याला शंभरेक रुपये वाचतील." शिवाय त्यांच्या मते पावसात त्यांचा सिग्नल आमच्याइतका जात नाही. दुकानात चौकशी केली तर कंपनी बदलायची म्हणजे डबाही नवा घ्यावा लागेल असं कळलं. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, मग डिशचा डबा तोच ठेवून का बदलता येत नाही? आणि मुळात आम्ही कंपनी बदलावी का?
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : तुमच्या पत्रात पैसा, पाऊस आणि डबा असे तीन प्रश्न आहेत. तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत आणि ती एकत्र केली की निर्णय चुकतो. म्हणून एकेक घेऊ.

आधी पैसा

वाहिन्यांची किंमत तुमची डिश कंपनी ठरवत नाही. झी मराठी असो वा स्टार प्रवाह, सुट्या वाहिनीची कमाल किंमत ती वाहिनी चालवणारी प्रसारण कंपनी जाहीर करते आणि ती सगळीकडे एकच असावी लागते. टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, सन डायरेक्ट, एवढंच काय, गावातला केबलवालासुद्धा त्याहून जास्त घेऊ शकत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ही दररचना 2017 साली आणली आणि फेब्रुवारी 2019 पासून ती घरोघरी लागू झाली.

मग शेजाऱ्यांचा रिचार्ज शंभरने कमी कसा? फरक पडतो तो इतर ठिकाणी.

पहिली जागा म्हणजे नेटवर्क क्षमता शुल्क. वाहिन्या तुमच्या घरापर्यंत आणून सोडल्याबद्दल कंपनी हे घेते. सुरुवातीला शंभर वाहिन्यांसाठी त्यावर 130 रुपयांची कमाल मर्यादा होती, म्हणजे 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. पुढे तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या द्याव्यात असं ठरलं. जुलै 2024 मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे आता हे शुल्क कंपन्या स्वतः ठरवतात आणि जाहीर करतात.

दुसरी जागा तुमच्या मुलाच्या खोलीत आहे. दुसऱ्या टीव्हीच्या जोडणीसाठी किती घ्यायचं, यात कंपन्यांमध्ये चांगलाच फरक असतो. शेजाऱ्यांकडे एकच टीव्ही असेल तर त्यांच्या-तुमच्या रिचार्जची तुलना करण्यात अर्थच नाही. त्यांना हे आधी विचारा.

तिसरी आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे पॅक. रिचार्ज फुगण्याचं कारण बहुतेक घरांत इथेच सापडतं. कधीकाळी घेतलेला पॅक तसाच चालू असतो. मुलं मोठी झाली तरी कार्टूनच्या वाहिन्या चालूच, विश्वचषकासाठी घेतलेली खेळाची वाहिनी स्पर्धा संपली तरी चालूच. एकाच वाहिनीची एचडी आणि साधी, अशी दोन्ही रूपं विकत घेतलेली असतात. ही दोन रूपं नियमाने स्वतंत्र वाहिन्या आहेत, त्यांचे पैसेही स्वतंत्र. ओटीवरचा टीव्ही जुना आणि लहान असेल तर त्यावर एचडीचा फरक डोळ्यांना जाणवणारही नाही.

कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा ग्राहक सेवेला फोन करून तुमच्या पॅकमधल्या वाहिन्यांची किमतींसह यादी मागून घ्या. घरात प्रत्येकाला विचारा, गेल्या महिन्यात यातलं काय पाहिलं? आजींची मालिका, तुमच्या बातम्या, मुलाचं क्रिकेट, नातवंडांचं कार्टून एवढ्यावर खुणा होतील. उरलेलं काढायला सांगा.

मात्र पॅक मोडण्याआधी बेरीज करा. पॅकमध्ये घालायच्या वाहिनीची सुटी किंमत जास्तीत जास्त 19 रुपये असू शकते, आणि सुट्या किमतींच्या बेरजेवर प्रसारण कंपनीला आपल्या पॅकमध्ये 45 टक्क्यांपर्यंत सूट देता येते. म्हणजे एकाच समूहाच्या चार वाहिन्या हव्या असतील तर त्या सुट्या घेण्यापेक्षा पॅक स्वस्त पडू शकतो, मग त्यातल्या बाकीच्या वाहिन्या तुम्ही कधी लावल्या नाहीत तरी चालेल. हव्या त्या वाहिन्यांची सुटी बेरीज पॅकपेक्षा कमी भरली, तरच पॅक मोडा.

आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. पैसे भरून डिश बघणारे ग्राहक कमी होत चालले आहेत. ट्रायच्या आकडेवारीत मार्च 2021 अखेर ते जवळजवळ 7 कोटी होते, तर मार्च 2024 अखेर सुमारे 6 कोटी 20 लाख. काही रिचार्ज न लागणाऱ्या फ्री डिशकडे गेले, काही मोबाइल आणि ब्रॉडबँडकडे. असलेला ग्राहक जाऊ नये याची कंपन्यांना आता चिंता आहे. "सेवा बंद करायची आहे" असं फोनवर सांगितलं की जाहिरातीत न दिसणारी सवलत पुढे येण्याची शक्यता असते. तेव्हा नव्या कंपनीला विचारण्याआधी जुन्या कंपनीला विचारा.

आता पाऊस

डिशचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतात. पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांची गती जुळलेली असल्याने आपल्याला ते आकाशात एकाच जागी दिसतात. भारतातल्या डिश सेवा केयू बँड नावाच्या लहरींवर चालतात. या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर असते. पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. मुसळधार पावसात पडद्यावर 'नो सिग्नल' येतं ते यामुळे, आणि यातून कुठलीही कंपनी सुटलेली नाही.

पण कंपन्यांचे उपग्रह आकाशात एकाच जागी नाहीत. टाटा प्लेचे 83 अंश पूर्व रेखांशावर, डिश टीव्हीचा 95 वर, तर एअरटेलचा 108.2 वर. संगमेश्वरातून पाहिलं तर 83 अंशांवरचा उपग्रह दक्षिणेपासून थोडा पूर्वेकडे आणि चांगला उंच, क्षितिजापासून सुमारे 67 अंशांवर आहे. 108.2 अंशांवरचा बराच पूर्वेला कललेला आणि 45 अंशांच्या जरा वर. तिरक्या वाटेने येणाऱ्या लहरींना पावसाच्या थरातून सुमारे सव्वापट जास्त अंतर कापावं लागतं. एवढ्यावरून मात्र एक कंपनी चांगली आणि दुसरी वाईट असा निकाल लावू नका. उपग्रहाची ताकद, छत्रीचा आकार आणि ती कशी बसवली आहे, यांनीही तितकाच फरक पडतो.

तुमच्या दृष्टीने दिशेला महत्त्व आहे ते दुसऱ्याच कारणाने. घराच्या पूर्वेला आंबा किंवा माड वाढलेला असेल तर पूर्वेकडच्या उपग्रहाची वाट अडते, उंचावरच्याची मोकळी राहते. ओली पानं तर सिग्नल चांगलाच अडवतात. छत्री बसवली तेव्हा झाड लहान होतं, आता फांदी आड आली, असंही होतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये हीच अडचण समोरच्या इमारतीची होते, आणि खिडकी-गॅलरी फक्त उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर गच्चीवर जागा मागण्यावाचून इलाज नसतो.

दोष कुठे आहे हे ओळखायला सोपी खूण आहे. धो-धो पावसात काही मिनिटं चित्र जाऊन पाऊस ओसरताच परत येत असेल, तर तो निसर्ग आहे आणि नव्या कंपनीतही तो तुमच्यासोबत येईल. पण रिमझिम पावसातही चित्र चौकोनी तुकड्यांत फुटत असेल, किंवा पाऊस थांबून तास उलटला तरी सिग्नल येत नसेल, तर दोष छत्रीच्या बाजूला आहे. वाऱ्याने ती किंचित हलली असेल, तिच्या पुढच्या, लहरी पकडणाऱ्या एलएनबीचं झाकण तडकून आत पाणी गेलं असेल, किंवा कोकणच्या दमट हवेत केबलचं टोक गंजलं असेल. हे दुरुस्तीचं काम आहे. निरभ्र दिवशी डब्याच्या मेनूत जाऊन सिग्नलची ताकद आणि दर्जा बघून लिहून ठेवा. तेव्हाच आकडा कमी असेल तर तंत्रज्ञाला बोलवा. शेजाऱ्यांचा सिग्नल टिकतो याचं कारण त्यांची छत्री नुकतीच बसवली आहे, इतकं साधंही असू शकतं.

आणि डबा

मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी 2011 मध्ये देशभर आली. तिथे क्रमांक सोबत येतो, सिमकार्ड मात्र नवं घ्यावं लागतं. डिशमध्ये सिमचं काम डब्याच्या आत होतं. आकाशातून सगळ्या वाहिन्या सगळ्यांच्याच छतावर पडत असतात, पण त्या कुलूपबंद असतात. त्या कुलपाची किल्ली डब्यातल्या कार्डात किंवा चिपमध्ये असते आणि रिचार्ज केला की कंपनी आकाशातूनच ती किल्ली चालू करते. प्रत्येक कंपनीने आपलं कुलूप वेगवेगळ्या कारागिरांकडून घेतलं आहे. डब्यातलं सॉफ्टवेअरही ज्याचं त्याचं.

सरकारला हे आधीपासून ठाऊक होतं. मार्च 2001 मध्ये डिश सेवांसाठी पहिले नियम आले, तेव्हाच डबे खुल्या तांत्रिक मानकांचे असावेत आणि दुसऱ्या कंपनीचं कार्ड-मॉड्यूल त्यात बसवता यावं, अशी अट होती. कागदावर ती पाळली गेली. प्रत्यक्षात ते मॉड्यूल विकत घ्यायला कोणी गेलं नाही, कारण त्याच्या खर्चात नव्या कंपनीचा नवा डबाच मिळत होता. कंपन्या डबे खर्चापेक्षा कमी किमतीत देत होत्या. ती तूट दर महिन्याच्या रिचार्जमधून भरून काढायची, असा त्यांचा हिशेब. स्वतः पदरमोड करून दिलेला डबा प्रतिस्पर्ध्याला वापरू देण्यात कोणाला रस असणार? एप्रिल 2020 मध्ये ट्रायने सगळे डबे परस्परांत चालतील असे करणं सक्तीचं करावं, अशी शिफारस केली. तरीही घरातला डबा आजही एकाच कंपनीचा राहिला आहे.

छत्रीचं तसं नाही. तो वाकवलेला पत्रा आणि त्यापुढचा एलएनबी, त्याला कंपनी कळत नाही. दिशा बदलली की बऱ्याचदा तीच छत्री दुसऱ्या उपग्रहाला चालते. नव्या कंपनीचा माणूस आपलीच छत्री बसवू पाहील, तेव्हा "जुनी चालेल का, आणि चालली तर किती कमी कराल?" हे विचारायला हरकत नाही.

तर बदलावी का?

तुमच्या पत्रात आहे तेवढ्यावरून, लगेच नाही. आधी पॅक छाटा, दुसऱ्या टीव्हीचे पैसे किती लागतात ते तपासा, छत्री नीट करून घ्या. तेवढं करूनही दरमहा फरक उरला, तर नव्या जोडणीचा सगळा खर्च त्या फरकाने भागा. उत्तर येईल तितक्या महिन्यांनी तुम्ही फायद्यात याल. ते दीड वर्षाच्या पुढे जात असेल तर दमाने घ्या.

बदलण्याची खरी कारणं वेगळी आहेत. तुम्हाला हवी ती वाहिनी तुमच्या कंपनीकडे नाही. डबा बिघडला, वॉरंटी संपली आणि दुरुस्तीला नव्या जोडणीइतके पैसे सांगताहेत. तक्रार नोडल अधिकाऱ्यापर्यंत नेऊनही तंत्रज्ञ फिरकत नाही. यातलं एक जरी असेल तरी खुशाल बदला. फक्त वर्षभराचा रिचार्ज भरलेला असेल तर तो आधी संपू द्या, डबा भाड्याचा असेल तर तो परत करून अनामत मागा, आणि सेवा बंद केल्याचा संदेश जपून ठेवा.

याच विषयावर आणखी दोन

प्रश्न : फ्री डिश घेतली तर महिन्याचा खर्चच वाचेल ना?

उत्तर : वाचेल. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. डबा आणि छत्री एकदाच विकत घ्यायची, रिचार्ज नाही. सह्याद्री आणि दूरदर्शनच्या इतर वाहिन्या तिथे आहेत. खासगी वाहिन्यांच्या जागा ई-लिलावाने विकल्या जातात, म्हणून आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मोठ्या समूहांच्या पैसे भरून बघायच्या मराठी वाहिन्या मात्र तिथे मिळत नाहीत. ज्यांच्या घरी दुसरा टीव्ही कधीतरीच लागतो, त्यांनी तो फ्री डिशवर टाकून मुख्य टीव्ही आहे त्या कंपनीवर ठेवला तर दोन्ही साधतं.

प्रश्न : मार्च महिन्यात लख्ख उन्हात चार-सहा दिवस रोज ठरावीक वेळी चित्र जातं. डबा बिघडला का?

उत्तर : नाही. वर्षातून दोनदा, आपल्याकडे साधारण मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबरअखेरीस ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या स्वतःच्या रेडिओलहरींत उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडून जातो. पूर्वेकडच्या उपग्रहांना हे सकाळी दहाच्या सुमारास होतं, 83 अंशांवरच्यांना दुपारी बाराच्या आसपास. एका वेळी काही मिनिटंच जातात. त्यासाठी तंत्रज्ञाला बोलावू नका. तो येईपर्यंत सूर्य पुढे सरकलेला असेल, आणि चालू टीव्ही बघून तो भेटीचे पैसे तेवढे मागेल.