पार्टी फुटण्याआधी

देवरुख,
श्रावण

चि. बाळूस,


काल ताईचा फोन आला होता. आधी पावसाचं बोलली, मग गुडघ्याचं, आणि शेवटी हळूच म्हणाली की तू प्रॅक्टिसला जायचं बंद केलं आहेस. वर असल्फ्याच्या दुसऱ्या बेंजो पार्टीकडून तू ईसार घेतलास, अशी भटवाडीत कुजबुज आहे म्हणे. हे खरं आहे का, बाळू? फोनवर विचारलं की तू "बघू मामा" म्हणून विषय बदलतोस, म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

गणपती तोंडावर आले आहेत. आगमनाच्या आणि विसर्जनाच्या सुपाऱ्या तुम्ही आषाढातच घेऊन ठेवल्या असतील. आता बेंजोवालाच उठून गेला तर बाकीच्या पोरांनी करायचं काय? ढोल, ताशा, ऑक्टोपॅड ताल धरतील, पण गाणं कुणी वाजवायचं? मंडळं ईसार परत मागतील, आणि तो पैसा तर कधीच टेम्पोला आणि स्पीकरच्या हप्त्याला गेलेला असतो. तू एकटा निघालास तरी नाक सगळ्यांचं कापलं जाणार आहे.

पंतनगरच्या हळदीला काय झालं तेही ताईने सांगितलं. दहा वाजले, पोलीस आले, वाजवणं बंद झालं, यजमानाने पैसे कापले. उरलेल्यातून ऑक्टोपॅडवाल्याने वाद्य स्वतःचं आहे म्हणून जास्त हिस्सा मागितला. त्याचं चुकलंच. पण त्यावर तू म्हणालास, "लोक नाचतात ते माझ्या बोटांवर." बाळू, हे ऐकून मला फार राग आला. तुझ्या आजोबांच्या घरात असं कुणी बोललं नव्हतं.

तुझ्या हातातलं हे वाद्य मुळात आलं कुठून, ते कधीतरी नीट समजून घे. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून ते बनवलं. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्याने तार छेडायची. ज्याला उस्तादासमोर वर्षानुवर्षं बसणं परवडत नाही, त्याच्याही बोटांतून चाल निघावी, अशी त्याची रचना आहे. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झालं, चाळीतल्या पोरांनी त्याला वीज जोडली आणि रस्त्यावर आणलं. घरात एकट्याने वाजवलं तर त्याचा आवाज किती बारीक असतो, तुला माहीत आहे. रस्ता हलतो तो खाली ढोल असतो म्हणून. नुसत्या ढोलावर पोरं नाचतील तरी, नुसत्या बेंजोवर कुणी नाचलेलं मी पाहिलेलं नाही.

दहाच्या नियमावर चिडून उपयोग नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत, आणि रात्री दहा ते सकाळी सहाची बंदी 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने पक्की केली. सणाचे मोजके दिवस सोडले तर सूट नाही. मग ईसार घेतानाच यजमानाला सांगायचं की वाजवणं दहाला थांबेल आणि पैसे पूर्ण लागतील, ते चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. पैशाचा हिशेब त्याच रात्री, टेम्पो रिकामा करण्याआधी, सगळ्यांसमोर वहीत मांडायचा. सुपारी किती, टेम्पो किती, हप्त्याला किती, प्रत्येकाच्या हातात किती. वाद्य स्वतःचं आणणाऱ्याला वेगळं काय द्यायचं, तेही आधीच ठरवायचं. पार्ट्या पैसे कमी मिळाले म्हणून फारशा फुटत नाहीत. कुणी किती घेतलं ते अंधारात राहिलं, की फुटतात.

बाकी अडचणी मला ठाऊक आहेत. चाळ पाडून टॉवर झाला, आता प्रॅक्टिसला बसलं की सोसायटीवाले खाली येतात. एक पोरगा बदलापूरला राहायला गेला, एक नालासोपाऱ्याला. कुणाची रात्रपाळी, कुणाचं नवं लग्न. मोठमोठे डीजे आले, पुण्या-नाशकाकडची ढोलपथकं आली. 2016 साली रवी जाधवांचा 'बँजो' सिनेमा आला तेव्हा वाटलं होतं की आता तरी या पोरांना मान मिळेल. सिनेमा येऊन गेला, पोरं रस्त्यावर होती तिथेच राहिली. इतकं सगळं बाहेरून अंगावर येत असताना आतून कुणी फुटायचं नसतं, एवढंच मी म्हणतो.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं बघ. मंगेशकर कुटुंबाने लहान मुलांसाठी चालवलेल्या सुरील कला केंद्रात दोघे पोरवयात भेटले. एक मेंडोलिन वाजवायचा, दुसरा व्हायोलिन. पैशांची ओढाताण होती तेव्हा प्यारेलालजी व्हिएन्नाला जायला निघाले होते, लक्ष्मीकांतजींनी त्यांना थांबवलं. पुढे 1963 च्या 'पारसमणी'पासून 1998 मध्ये लक्ष्मीकांतजी जाईपर्यंत जोडी टिकली. जाणाऱ्याला थांबवणारा एक माणूस लागतो, बाळू. आमच्यात तो नव्हता.

आमची लालबागची पार्टी तुला फोटोतच माहीत आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या सगळ्यांचे बाप त्यात होते. कुणी गावाला परतलं, कुणी भांडुपला वॉचमन लागलं, ढोल विकून कुणाच्या तरी घरात तांदूळ आले. त्यात दोष कुणाचाच नव्हता. पण नंतर दिवस सुधारले तेव्हाही कुणी कुणाचं दार वाजवलं नाही. जो तो म्हणत राहिला, पहिला तो येऊ दे. आमच्या ढोलकीवाल्यासारखा हात मी नंतर ऐकला नाही. तो गेल्याचंही मला वर्षभराने कळलं. अजून गणपतीत आरतीला उभा राहिलो की त्याची आठवण येते, आणि घशात काहीतरी अडकतं.

म्हणून तुझ्या ईसाराची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. कोरोनाचं 2020 आठव. सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, मिरवणुका बंद, तुम्हाला एकही सुपारी नाही. त्या दिवसांत तुझे बाबा राजावाडी हॉस्पिटलात होते तेव्हा ताशावाला आणि ढोलवाला रात्र रात्र बाहेर बसून होते. बाबा गेल्यावर ताईच्या घरात महिनाभराचं सामान कुणी आणून टाकलं, ते तिने तुला सांगितलं नसेल. मला सांगितलंय. त्या पोरांना तू तिसऱ्याच्या तोंडून कळू देणार, की तू चाललास?

जास्त बोललो असेन. तू वाईट नाहीस, मला माहीत आहे. दिवसभर कुरिअरच्या गोण्या उचलून तू रात्री वाजवतोस, घराचा हप्ता भरतोस, ताईचं औषध चुकवत नाहीस. असल्फ्याचे लोक जास्त पैसे देत असतील आणि तुला त्यांची गरज असेल, तर त्यात लाज नाही. जायचंच ठरलं तर जा, पण अनंत चतुर्दशी होऊ दे आणि पोरांसमोर बसून सांगून जा. त्याआधी एकदा ढोलवाल्याच्या घरी जाऊन ये. त्याची आई तुला चहा दिल्याशिवाय सोडणार नाही. ईसार घेतला असशील तर परत कर. पैसे खर्च झाले असतील तर मला कळव, मी पाठवतो, ताईला कळणार नाही.

एसटीने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर मामीने कोकमं आणि तुझ्या आवडीच्या फणसपोळ्या दिल्या आहेत. थोड्या पोरांना ने. उपाशीपोटी वाजवायला जाऊ नकोस, मागच्या वर्षी तुला चक्कर आली होती ते मी विसरलेलो नाही. आणि ढोलवाल्याकडून परत आलास की मला फोन कर. कितीही उशीर होऊ दे, मी जागा आहे.

तुझा,
मामा