मोटारीचे वय : वर्षे की किलोमीटर?

जुनी मोटार विकत घ्यावयास निघालेला मनुष्य साधारणतः दोन प्रश्न विचारतो : गाडी कोणत्या सालची, आणि किती किलोमीटर चाललेली? पहिल्याचे उत्तर नोंदणीपुस्तकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर गाडीतील अंतरमापकावर दिसते. पण त्यावर विसंबून राहता येतेच असे नाही. अनेक जुन्या गाड्यांच्या अंतरमापकात पाचच आकडे असत. ९९,९९९ किलोमीटर पूर्ण झाले की सर्व आकडे पुन्हा शून्यावर येत, आणि सव्वा लाख किलोमीटर धावलेली गाडी पंचवीस हजारांची म्हणून मिरवू शके. आकडे मागे फिरविण्याची विद्याही जुन्या बाजारात अपरिचित नव्हती.

येथे एका शब्दाविषयी थोडा खुलासा करणे इष्ट आहे. ‘मायलेज’ म्हणजे मूळ इंग्रजीत गाडीने कापलेले एकूण अंतर असाही अर्थ होतो. आपल्याकडे मात्र हा शब्द एक लिटर इंधनात किती अंतर जाते या एकाच अर्थाने रूढ झाला आहे. इंधन महाग, म्हणून ‘गाडी किती देते?’ हाच प्रश्न आधी सुचावा, हे स्वाभाविकच आहे. प्रस्तुत प्रकरणात मात्र ‘चाल’ हा शब्द एकूण अंतरासाठी योजला आहे.

आता गाडी झिजते कशाने, ते पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाताना इंजिनाचा क्रँकशाफ्ट मिनिटाला २००० फेरे घेतो असे धरले, तर एका किलोमीटरला २४०० फेरे होतात आणि एक लाख किलोमीटरला २४ कोटी. हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की एवढ्या घर्षणापुढे लोखंड टिकणार तरी कसे? पण चालत्या इंजिनात धातूवर धातू घासला जात नाही. मध्ये तेलाचा पातळ थर असतो, आणि हा थर अखंड आहे तोवर झीज अत्यल्प होते. खरी झीज होते ती इंजिन थंड असताना. गाडी रात्रभर उभी राहिली की तेल तळाच्या पात्रात उतरते. सकाळी इंजिन सुरू केल्यावर ते पुन्हा सर्वत्र पोहोचेपर्यंतचे काही क्षण, आणि इंजिन पुरेसे तापेपर्यंतची काही मिनिटे, नुकसानीची असतात. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ते सिलिंडरच्या भिंतींवरील तेल धुऊन काढते. जळालेल्या वायूतील बाष्पाचे पाणी होते, ते तेलात मिसळते आणि त्यातून तयार होणारी आम्ले बेअरिंगांना खातात.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल, जी वरवर पाहता उलटी वाटते. घरापासून बाजारापर्यंत रोज तीन किलोमीटर जाणारी आणि एरवी आच्छादनाखाली झाकून ठेवलेली गाडी, महामार्गावरून रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीपेक्षा किलोमीटरमागे कितीतरी अधिक झिजते. ‘एकाच डॉक्टरने वापरलेली, फारच कमी चाललेली’ अशा गाडीवर लोकांची उडी पडते. पण तो डॉक्टर दिवसातून दहा वेळा थंड इंजिन सुरू करून गल्लीतल्या गल्लीत फिरत असेल, हे कोणी विचारात घेत नाही. उलट दोन पाळ्यांत चालणाऱ्या टॅक्सीचे इंजिन क्वचितच पूर्ण थंड होते. अशी टॅक्सी दिवसाला दीडशे किलोमीटर आणि वर्षातून तीनशे दिवस चालली असे धरले, तरी दहा वर्षांत साडेचार लाख किलोमीटर होतात.

आपल्या देशात दीर्घ चालीचा अनुभव प्रामुख्याने दोन गाड्यांनी दिला. कोलकात्याजवळील उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसडर ही पहिली. ब्रिटनमधील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवर आधारलेली ही गाडी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत निघत होती. दुसरी मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी, फियाट ११०० या इटालियन गाडीचे भारतीय रूप असलेली प्रीमियर पद्मिनी. या गाड्या तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे टिकल्या, आणि त्यांचे जुने मालक ‘तेव्हाचे लोखंडच निराळे’ असे अभिमानाने सांगतात. त्यांच्या भावनेचा आदर राखूनही हे म्हटले पाहिजे की कारण लोखंडात कमी आणि परिस्थितीत अधिक होते. नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे. त्यामुळे असलेली गाडी टिकविणे हा छंद नव्हता, निरुपाय होता. आणि ती टिकविता येत होती, कारण कोणत्याही तालुक्याच्या गावी मेस्त्री तिचे इंजिन उघडू शकत होता.

या दुरुस्तीचा क्रम ठरलेला असे. प्रथम इंजिनाचे हेड काढून कार्बन खरवडायचा आणि व्हॉल्व्ह घासून पुन्हा नीट बसवायचे. पुढे एक्झॉस्टमधून निळा धूर येऊ लागला आणि तेल कमी होऊ लागले की पिस्टनच्या रिंगा बदलायच्या. त्यानेही भागले नाही, तर सिलिंडर ठरावीक मापाने मोठा करून त्यात मोठे पिस्टन घालायचे. असे काही वेळा करून झाले आणि भिंती पातळ झाल्या की आत लायनर बसवून सिलिंडर मूळ मापावर आणायचा. म्हणजे इंजिनाचा ठोकळा तोच, आतले बहुतेक सर्व नवे. तुळया बदलल्या, कौले बदलली, तरी वाडा तोच म्हणावा, तसे मालक ‘तीच गाडी’ म्हणत.

अतिदीर्घ चालीची जगातील सर्वांत प्रसिद्ध नोंद अमेरिकेतील आयर्व्ह गॉर्डन या विज्ञानशिक्षकाची आहे. त्यांनी १९६६ साली व्होल्वो पी १८०० ही गाडी नवी घेतली आणि २०१३ साली तिची चाल तीस लाख मैलांवर, म्हणजे ४८ लाख किलोमीटरांच्या वर गेली. त्यांचे २०१८ साली निधन झाले. नोकरीसाठी त्यांना रोज फार लांबचा प्रवास करावा लागे. त्यामुळे वर वर्णन केलेली अनुकूल स्थिती, म्हणजे तापलेले इंजिन, मोकळा रस्ता आणि एकच चालक, त्यांना लाभली होती. तेल बदलण्यात त्यांनी कधी हयगय केली नाही. ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाची मर्सिडीज २४० डी ही गाडी ४६ लाख किलोमीटर चालून २००४ साली कंपनीच्या संग्रहालयात गेली. तिच्यात मात्र इंजिने आलटून पालटून बसविली जात असत. दोन्ही विक्रम खरेच; पण त्यांचा अर्थ एक नव्हे.

अशा कथा ऐकताना आणखी एक सावधगिरी बाळगावी. अनुभव सांगावयास उरतो तो टिकलेल्या गाडीचा मालक. ज्याची गाडी साठ हजारांतच भंगारात गेली, तो काही ती हकीकत वीस वर्षे सांगत बसत नाही. म्हणून ‘माझी गाडी तीन लाख चालली’ या विधानावरून तिच्या सर्व बहिणी तशाच निघाल्या असतील, असे अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. मालकाला विचारण्याजोगा प्रश्न ‘किती चालली?’ हा नसून ‘एवढ्या काळात काय काय बदलले?’ हा आहे. ज्या मालकाने वही ठेवली आहे, तारीख, अंतरमापकाचा आकडा, तेल, पट्टा, ब्रेक, खर्च अशा रकान्यांची साधी दोनशे पानी वही, त्याचे उत्तर विश्वसनीय असते. इतरांची स्मृती दुरुस्त्या विसरते आणि किलोमीटर वाढविते. मी स्वतः अशी वही अवघी दोन वर्षे नेटाने ठेवू शकलो, हेही येथे कबूल करतो.

इंजिनाला पुनर्जन्म देता येतो. पत्र्याला देता येणे कठीण. अँबॅसडरला स्वतंत्र चौकट नव्हती. सांगाडा आणि शरीर एकच होते. अशा गाडीची जमीन आणि दारांखालच्या कडा गंजल्या की गाडीचा कणाच गेला असे समजावे. गंजाला किलोमीटरांशी देणेघेणे नसते, तो वर्षे मोजतो. कोकणातील किंवा बंगालच्या दमट हवेतील गाडी आणि बिकानेरच्या कोरड्या हवेतील गाडी यांच्या पत्र्यात म्हणूनच मोठे अंतर पडते. रबर, नळ्या, तारांवरील वेष्टन यांचेही तसेच आहे. नव्या पद्धतीच्या अनेक इंजिनांत टायमिंगचा रबरी पट्टा असतो आणि तो इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावा असे पुस्तिकेत छापलेले असते. अल्प चालीच्या गाडीचा मालक नेमके दुसरे कलम वाचीत नाही. पट्टा तुटतो, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

अलीकडच्या गाड्या तेलाचा दर्जा, इंधनाचे अचूक नियमन आणि गंजरोधक पत्रा यांमुळे इंजिन न उघडता दोन-तीन लाख किलोमीटर सहज जातात. भाड्याने चालणाऱ्या डिझेल गाड्यांत याहून अधिक चालही दुर्मीळ नाही. त्यांचा शेवट बहुधा झिजेने होत नाही. एखादा इलेक्ट्रॉनिक भाग मिळेनासा होतो किंवा त्याची किंमत गाडीच्या किमतीला भिडते, आणि तेथे मेस्त्रीचा हातोडा चालत नाही.

कायदा मात्र वर्षेच मोजतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी वाढविता येते. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली. २०२५ साली हा प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयापुढे गेला. जेमतेम चाळीस हजार किलोमीटर चाललेली, निगा राखलेली गाडी भंगारात द्यावी लागणाऱ्या निवृत्त गृहस्थाची तक्रार रास्त आहे, असे मला वाटते. पण तिला दुसरी बाजू आहे. इंजिन सुस्थितीत असणे आणि त्याचा धूर निरुपद्रवी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उत्तम राखलेली जुनी पद्मिनी उत्प्रेरकाविना धूर सोडते, ती तिच्या काळच्या मापाने. २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या मापाने नव्हे. मालकाच्या वहीत या धुराचा रकाना नसतो. म्हणून प्रत्येक गाडीची प्रत्यक्ष तपासणी करून निर्णय घ्यावा, हे तत्त्व मान्य केले तरी त्या तपासणीत काय मोजायचे, यावर वाद उरतोच.

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली होती. त्या हिशेबाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी शहराच्या रस्त्यांवरून गेल्या. त्यांपैकी कोणती किती किलोमीटर चालली होती, याची नोंद चालकांच्या वह्यांत असली तर असेल.